आभारांची वही

घरात सगळे तिला वकीलबाई म्हणत. वय पंधरा, उंची जेमतेम, पण एकदा तोंड सुरू झालं की समोरच्याने गुपचूप खुर्ची ओढून बसावं, उभं राहून दमण्यात अर्थ नाही, अशी तिची ख्याती. मागच्या वर्षीपर्यंत हीच मुलगी वर्गात हजेरीला ‘हजर’ म्हणतानासुद्धा पुटपुटायची. मग एका तासाला वादविवादाच्या बाईंनी तिला जबरदस्तीने उभं केलं, आणि काय झालं कोण जाणे, आतलं बूच उडालं. तेव्हापासून ती दूधवाल्याशी वाद घालायची, आरशाशी घालायची, आणि कुणीच मिळालं नाही तर दोन्ही बाजू स्वतःच घेऊन स्वतःला हरवायची.

अर्थात हे बाळकडू घरातलंच. बाबांचं तळमजल्यावर किल्ल्यांचं दुकान होतं आणि आई पालिकेत कर भरायच्या खिडकीमागे बसायची. म्हणजे कर घेणारी आणि कराच्या नावाने बोटं मोडणारा अशी दोघं एका छपराखाली नांदत होते.

“आज किती जणांना लुटलंस?” संध्याकाळी जेवायला बसताना बाबा विचारायचे.

“एकशे बारा,” आई पाणी ओतत म्हणायची. “तुम्ही किती कुलुपं फोडलीत?”

“मालकाने बोलावल्याशिवाय मी कुणाच्या दाराला हात लावत नाही बाई. तुझ्या खात्यात आणि माझ्यात हाच तर फरक आहे.”

“आणि दाराबाहेरचा दिवा? तो कोण लावतं?”

“लावू की आम्ही! वर्गणी काढून लावू. माणूस मनाने वाईट नसतो गं. त्याच्या खिशात हात घातलात की तो वाईट होतो.”

बाबांचं हे नुसतं तोंडी लावणं नव्हतं. फार वर्षांपूर्वी पालिकेच्या कुणा कारकुनाने चुकीचा क्रमांक लिहिला आणि शेजारच्या दुकानाऐवजी बाबांच्या दुकानाला सील लागलं. चूक सगळ्यांनी मान्य केली, पण सील काढायचा कागद यायला चाळीस दिवस गेले. जगातलं कुठलंही कुलूप डोळे मिटून उघडणारा माणूस चाळीस दिवस स्वतःच्याच शटरसमोर स्टूल टाकून बसला होता. तेव्हापासून त्यांचं ठाम मत झालं, की सरकारने चोर पकडावेत, मारामाऱ्या थांबवाव्यात आणि बाकी वेळ हात खिशात घालून उभं राहावं. स्वतःच्या खिशात.

वकीलबाईंना बाबांचं म्हणणं पटायचं. म्हणजे आईचंही पटायचं, पण बाबांचं बोलायला जास्त मजा यायची.

दुसऱ्या मजल्यावर शिवणमावशी राहायची. नात्याची कुणी नाही, पण हिच्या पहिल्या झबल्यापासून ते शाळेच्या गणवेशापर्यंत सगळं तिच्याच मशीनवरून उतरलेलं, म्हणून मावशी. एकटीच होती. हात सुईसारखा आणि जीभ कात्रीसारखी. “उभी राहा नीट. तू हललीस की बाही लांब होते, मग आईला सांगू नकोस मावशीने माकड केलं म्हणून.” गेल्या तीन वर्षांपासून तिची दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. चार तास यंत्राला जोडून पडायचं, रक्त धुऊन घ्यायचं आणि परत यायचं. एक वार चुकला तर सूज, दोन चुकले तर श्वास, आणि तिसऱ्याचं डॉक्टर बोलायचेच नाहीत. पाणीसुद्धा मोजून प्यायचं. तहान फारच लागली तर मावशी बर्फाचा एक खडा गालात ठेवायची आणि म्हणायची, “घ्या, आमची मेजवानी.”

आधी तिला न्यायला पालिकेची गाडी यायची. त्या गाडीसाठी सगळ्या वस्तीच्या करात एक छोटासा अधिभार होता. गाडी पांढरी, पत्रा खडखडणारा आणि चालक असा, की त्याला वस्तीने भोंगेवाला हेच नाव दिलेलं. तो खालून भोंगा वाजवायचा. मावशी उतरली नाही तर आणखी वाजवायचा. तरी नाही उतरली तर पाय आपटत दोन जिने चढून यायचा आणि दारात उभा राहून ओरडायचा, “बाई, मला कागदावर सही लागते! आलात तर सही, नाही आलात तर का नाही आलात ते लिहून सही! माझ्या नोकरीवर उठू नका!”

“आणि तू अर्धा तास उशिरा आलास ते कुणी लिहायचं रे?” मावशी आतून.

मग जिनाभर दोघांची जुंपायची. तळमजल्यापर्यंत ऐकू यायचं.

पण एकदा गाडीचं चाक फुटलं. नवं चाक घ्यायला तीन सह्या लागत होत्या आणि त्यातले एक साहेब रजेवर होते. दोन वार गाडी आलीच नाही. पालिकेने कळवलं, पर्यायी व्यवस्था होतेय. मावशी वाट बघत बसली आणि शेवटी अतिदक्षता विभागात पोचली. वाचली, पण बाबांचं डोकं फिरलं ते फिरलंच. वस्तीच्या सभेत ते उभे राहिले आणि असे बोलले, की वकीलबाईंना कळलं आपली जीभ कुठून आली ते. “एका चाकासाठी तीन सह्या! हे आपल्या पैशाने आपल्यालाच मारतायत. बंद करा तो अधिभार. गाड्या आपल्याकडे आहेत, माणसं आपल्याकडे आहेत. आपलं आपण करू!”

टाळ्या पडल्या. मतं पडली. अधिभार रद्द झाला आणि पांढरी गाडी यायची बंद झाली.

बाबा शब्दाला जागणारे. दुसऱ्याच दिवशी त्यांनी दुकानात एक फळी ठोकली. तिच्यावर वाराप्रमाणे हुक, आणि प्रत्येक स्वयंसेवकाला स्वतःच्या हाताने कापलेला पितळी बिल्ला. ज्याने वार घेतला त्याने सकाळी येऊन आपला बिल्ला त्या हुकाला अडकवायचा. पोहायला शिकवणारे सर, दातांचे डॉक्टर, पावाच्या भट्टीचा मालक आणि निवृत्त पोस्टमास्तर अशी चौघांची फौज उभी राहिली. आणि खरं सांगायचं तर आठ महिन्यांत एकही हुक रिकामा राहिला नाही. सगळे वेळेवर यायचे. कुणी भोंगा वाजवायचं नाही. सर तर मावशीच्या पाठीमागे ठेवायला उशी आणायचे. आईलासुद्धा मान्य करावं लागलं, “चांगलं चाललंय हो.” बाबा दोन दिवस शीळ घालत फिरले.

वही ही मात्र वकीलबाईंची कल्पना. फळीला महिना झाला तेव्हा दातांचे डॉक्टर जांभई देत म्हणाले होते, “बघू, पुढच्या महिन्यात जमतंय का.” हिच्या डोक्यात लगेच चक्र फिरलं. सरकार दंड लावतं म्हणून लोक कर भरतात. आपल्याकडे दंड नाही, मग लोकांना बरं तरी वाटायला हवं ना? तिने जाड पुठ्ठ्याची वही आणली, निळं कव्हर घातलं आणि मावशीला दिली. “प्रत्येक फेरीनंतर दोन ओळी लिहायच्या मावशी. तुला काय वाटलं ते. मी ती फळीशेजारी टांगून ठेवणार.”

आई भाजी निवडत होती. ती म्हणाली, “तिला कशाला लिहायला लावता?”

“सक्ती थोडीच आहे आई? वाटलं तर लिहायचं.”

“आणि नाही लिहिलं तर?”

“तर काय? कुणी काही म्हणणार नाही.”

आईने परत भाजीत मान घातली.

मावशीने लिहिलं. ‘आज सरांनी गाडी इतकी हळू चालवली की पोटातलं पाणी हललं नाही. देव त्यांचं भलं करो.’ ‘डॉक्टरसाहेबांनी परतताना स्वतःच्या हाताने दार उघडलं.’ ‘भट्टीवाले भाऊ माझ्यासाठी पहाटे दुकान बंद ठेवून आले. मी कशी उतराई होऊ?’ वही जादूसारखी चालली. बिल्ला लावायला आलेला माणूस हळूच पान उलटून आपल्याबद्दल काय लिहिलंय ते वाचायचा. एकदा पोस्टमास्तर हिरमुसून म्हणाले, “माझ्याबद्दल एकच ओळ?” पुढच्या फेरीला मावशीने त्यांच्याबद्दल अर्धं पान लिहिलं. शिवाय ती त्यांच्या विजारी दुमडून द्यायला लागली, सरांच्या टॉवेलांना काठ घालायला लागली, डॉक्टरांच्या पडद्यांना कडा. कुणी मागितलं नव्हतं. आणि कुणी नकोही म्हटलं नाही.

मग शाळांमधल्या वादविवादाचा विषय जाहीर झाला: ‘कर ही सक्ती आहे, समाजाची गरज स्वेच्छेच्या मदतीनेच भागवली जावी.’ वकीलबाईंनी बाकावर उडी मारायचीच बाकी होती. हा विषय तर तिच्या जेवणाच्या टेबलावर रोज वाढला जायचा!

उपांत्य फेरीला सभागृह गच्च होतं. बाबांनी चारही स्वयंसेवकांना आणलं होतं, आणि तिसऱ्या रांगेत त्यांच्या मधोमध मावशीला बसवलं होतं, तिची चांगली साडी नेसवून. वकीलबाई बोलायला उभी राहिली आणि सुटलीच. “माझ्या श्रमातला वाटा मला न विचारता घेतला, तर त्याला आपण चोरी म्हणतो. तोच वाटा शिक्का मारून घेतला, की त्याला कर म्हणतो! आणि दान? धाकाने दिलेलं दान असतं का कधी? धाक आला की त्यातला चांगुलपणाच मरतो. पालिकेच्या चालकाला आमच्या मावशी म्हणजे कागदावरची एक सही होत्या. आता त्या माणूस आहेत. पुरावा हवाय?” आणि तिने निळी वही उघडली.

तिने चार उतारे वाचले. ‘मी कशी उतराई होऊ’ वाचताना तिचा स्वतःचाच आवाज भरून आला. सूत्रसंचालक बाईंना राहवलं नाही. त्या म्हणाल्या, “त्या मावशी इथे आहेत का? उभ्या राहाल का जरा?”

सगळं सभागृह वळून बघायला लागलं. सरांनी मावशीच्या कोपराला आधार दिला. ती उभी राहिली, हात जोडले, डावीकडे वळून, उजवीकडे वळून. टाळ्यांचा नुसता पाऊस. मावशी हसली. ते हसू वकीलबाईंनी व्यासपीठावरून पाहिलं आणि तिला वाटलं, आज मावशी किती खूश आहे.

पहिला क्रमांक मिळाला. अंतिम फेरी तीन आठवड्यांनी होती.

पुढचे दिवस हवेतच गेले. शाळेत फळ्यावर नाव, कॅन्टीनमध्ये उगाच हसणारी लहान मुलं. सोमवारी सरांनी मावशीला दवाखान्यात नेलं आणि वाटेत, “तुमच्यामुळे आमचं नाव झालं हो मावशी, आता आम्हाला सोडून कुठे जाणार तुम्ही!” असं म्हणून तिला हसवलं, हे त्यांनीच दुकानात येऊन सांगितलं. बुधवारी हुकाला बिल्ला होता. शुक्रवारी होता. पुढच्या सोमवारी होता. वकीलबाई शाळेत जाताना फळीकडे एक नजर टाकायची आणि निर्धास्त पुढे जायची.

मंगळवारी दुपारी शाळा लवकर सुटली. अंतिम फेरीसाठी गणवेशाचा दुमडा खाली सोडून घ्यायचा होता, म्हणून ती दोन-दोन पायऱ्या चढत मावशीकडे गेली. दार लोटलेलं होतं. मावशी पलंगावर नव्हती. मशीनसमोरच्या खुर्चीत ताठ बसलेली होती, दोन्ही हात मशीनवर टेकवून, पाण्यातून आत्ताच बाहेर काढल्यासारखी श्वास घेत. चेहरा असा सुजलेला, की डोळे शोधावे लागत होते.

“मावशी! काय झालं तुला?”

“काही नाही गं. आडवं झालं की... दम लागतो. म्हणून बसलेय.” तिने गणवेशाकडे हात पुढे केला. “उभी राहा नीट. किती सोडायचाय दुमडा?”

“काल गेली होतीस ना तू? भट्टीवाले काका आले होते ना?”

मावशी मशीनच्या चाकावर बोट फिरवत राहिली.

“मावशी, काल गेली होतीस ना?”

“त्यांना म्हटलं, आज डॉक्टर नेतायत. बुधवारी डॉक्टरांना म्हटलं, सर नेतायत. शुक्रवारी सरांना म्हटलं, डॉक्टर नेतायत. मग ते गेले बिचारे.” आणि त्या सुजलेल्या चेहऱ्यावर चोरी पकडल्यासारखं काहीतरी उमटलं. “दवाखान्यातून फोन आला होता. सांगितलं, पाहुण्यांकडे आलेय, इकडेच करून घेते.”

तीन वार. माणसं आली होती, दारातून परत गेली होती, आणि बिल्ले तसेच हुकाला लटकत होते. फेरी झाली नाही तर बिल्ला काढून ठेवायचा असा नियमच बाबांनी केला नव्हता. कशाला करतील? नियम नकोत म्हणूनच तर फळी होती.

“पण का?” वकीलबाईंचा आवाज चिरकला. “कुणी काही बोललं का तुला? कोण बोललं? मी बघते त्याच्याकडे!”

“कोण बोलणार? सगळी देवमाणसं आहेत.” मावशी दम खात खात बोलत होती. “तेच तर. आठ महिने झाले... उठल्यापासून विचार, आज काय लिहू. डॉक्टरांच्या राजकारणाच्या गप्पा ऐकायच्या. सरांच्या विनोदावर हसायचं. उलटी येत असली तरी हसायचं. तो मेला भोंगेवाला... त्याच्यावर मी ओरडायचे. वाटेल ते बोलायचे. तो उलट बोलायचा. घरी आले की कसं मोकळं वाटायचं. त्याला पगार होता गं. त्याच्यावर ओरडायचा मला हक्क होता. ह्या भल्या लोकांवर कशी ओरडू मी?”

“मग लिहू नकोस! मी वही फाडून टाकते. आत्ता फाडते.”

“त्या दिवशी उभं केलंत मला. एवढी माणसं. वाटलं, आता ह्या सगळ्यांचे आभार मानायचे राहिले.” तिने मान हलवली. “मरायचं नव्हतं गं मला. शपथ. दोन दिवस सुट्टी घेतली फक्त. म्हटलं, दोन दिवस कुणाला धन्यवाद म्हणायचं नाही. मग तिसऱ्या दिवशी जायची लाज वाटली. काय सांगू म्हणून.”

  वकीलबाई वळली आणि जिना उतरत धावली.

बाबा एका गिऱ्हाइकाच्या दाराचं कुलूप उघडायला लांब गेले होते. फोन लागेना. तिने आईला गाठलं. आई खिडकी तशीच उघडी टाकून आली, रांगेतल्या माणसांचा आरडाओरडा मागे ठेवून, वाटेत भाड्याची गाडी घेऊन.

“चला ताई,” आई दारातूनच म्हणाली.

“तुम्हाला कामावरून यावं लागलं. किती उपकार...”

“गप्प बसा,” आई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाज खिडकीतला होता, थकबाकीदाराशी बोलताना असतो तसा. “उपकारबिपकार काही नाही. मला शिव्या घाला हव्या तर. पण उठा.”

आणि मावशीने खरंच घातल्या. दोघींनी मिळून तिला खुर्चीसकट खाली उतरवलं, तर प्रत्येक पायरीला तिचं काही ना काही चालूच. हळू गं बाई, मी काय कपाट आहे? गाडीवाल्याला म्हणाली, खड्डे चुकवायचे वेगळे पैसे घेतोस का रे? वकीलबाई तिचा हात धरून बसली होती आणि रडता रडता हसत होती. तिला वाटलं, एवढं भांडणारं माणूस कुठे जातंय.

दवाखान्यात मावशी तीन दिवस होती. पहिल्या दिवशी चौघंही आले, बिल्लेवाले. काचेबाहेर खाली माना घालून उभे राहिले. सरांनी पन्नासदा सांगितलं, “त्या म्हणाल्या डॉक्टर नेतायत. मला काय माहीत?” त्यांना कुणीच दोष दिला नव्हता. बाबा भिंतीला पाठ लावून, हातातला किल्ल्यांचा जुडगा एकेक करून सरकवत बसले होते.

दुसऱ्या दिवशी भोंगेवाला आला. आता त्याला पालिकेने पाण्याच्या टँकरवर टाकलं होतं. कुठून कळलं कोण जाणे. तो आत गेला आणि पायाशी अवघडून उभा राहिला. मावशीने डोळे उघडले आणि नळ्यांच्या आडून म्हणाली, “आलास? उशीरच केलास ना?”

“रस्त्यात गर्दी होती बाई,” तो म्हणाला आणि तोंड फिरवून उभा राहिला.

शुक्रवारी सकाळी मावशी गेली. तिचाच वार.

घरात आठवडाभर जेवताना भांड्यांचे आवाज तेवढे यायचे. बाबांनी एकदाही विचारलं नाही, किती जणांना लुटलंस. एका संध्याकाळी ते आपणहूनच म्हणाले, “मी कुणावर जबरदस्ती केली नाही. एकावरही नाही.”  आईकडे म्हणण्यासारखं होतं. वकीलबाईंना ते दिसत होतं, ओठांपर्यंत आलेलं. पण आई उठली आणि तिने बाबांच्या पाठीवर हात ठेवला, आणि बाबा लहान मुलासारखे रडले. त्यांना वकीलबाईंनी असं कधीच पाहिलं नव्हतं.

वादविवादाच्या बाईंनी विचारलं, “नाव मागे घेऊया का?” ती नाही म्हणाली. तिला आता नक्की काय वाटतंय ते तिचं तिलाच कळत नव्हतं. बाबांचं सगळं खोटं आहे, असंही वाटेना. चाकाच्या तीन सह्या तिने विसरायच्या कशा? आणि मावशीचं ते हात जोडून डावीकडे-उजवीकडे वळणं? तेही झोपू देत नव्हतं. तिला वाटलं, बोलता बोलता कळेल. आजवर तिला सगळं बोलता बोलताच कळत आलं होतं.

अंतिम फेरीत ती साधंच बोलली. मुद्दे होते, कुणाचं उदाहरण नव्हतं. टाळ्या पडल्या, बेताच्या. मग दुसऱ्या शाळेची मुलगी उठली, जाड चष्मा, शांत आवाज, हातात एकही कागद नाही. ती फार छान बोलली. हक्क मागता येतो, मदत मागावी लागते, म्हणाली. जे सगळ्यांच्या मर्जीवर असतं, ते कुणाचंच काम नसतं, म्हणाली. आणि मग तिने सभागृहाकडे वळून आवाज खाली आणला.

“दूर कशाला जायचं? आपल्याच गावात, गेल्याच आठवड्यात, शिवणकाम करणाऱ्या एका एकट्या बाईंचा मृत्यू झाला. वस्तीने कर बंद केला होता. चार भल्या माणसांनी जबाबदारी घेतली होती. चार! आणि त्या तीन वेळा दवाखान्यात पोचल्या नाहीत, हे त्या चौघांपैकी एकालाही कळलं नाही. पगारी चालक असता तर त्याने कागदावर लिहिलं असतं. एका सहीने त्या बाई वाचल्या असत्या. माझ्या प्रतिस्पर्धी मैत्रिणीने याच बाईंचे आभार उपांत्य फेरीत वाचून दाखवले होते. आज त्या इथे उभ्या राहू शकत नाहीत.”

सभागृहातून एक हुंकार उठला. सगळ्या माना परत वळल्या, या वेळी बाबांकडे. बाबा पाचव्या रांगेत कडेला बसले होते. आईने त्यांच्या बाहीला धरलं होतं.

खंडनाला तीन मिनिटं होती. वकीलबाई उभी राहिली. उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं. पगारी चालक होता, त्याचा कागदही होता, आणि तरी एका चाकापायी हीच बाई अतिदक्षता विभागात गेली होती! तारीखसुद्धा पाठ होती. एवढं एक वाक्य टाकलं असतं तर सभागृह पुन्हा तिच्या बाजूला झुकलं असतं, आणि वळलेल्या माना बाबांवरून निघाल्या असत्या. समोर घड्याळ सुरू झालं.

“त्या बाईंना मी ओळखत होते,” ती म्हणाली. ध्वनिक्षेपकातून तिचा आवाज तिला परका ऐकू आला. “माझ्याकडे उत्तर आहे. चांगलं आहे. पण ते द्यायला मला पुन्हा त्यांनाच उभं करावं लागेल.” तिने चष्मेवाल्या मुलीकडे पाहिलं. रागाने नाही. “मी त्यांना न विचारता त्यांची वही वाचली होती. तुम्हीही त्यांना विचारलेलं नाही. त्या तुमच्या बाजूला असत्या, की माझ्या, मला खरंच माहीत नाही. बहुतेक दोघींनाही ओरडल्या असत्या. आता बसू द्या त्यांना.”

आणि ती स्वतःच बसली.

चष्मेवाली मुलगी टेबलाकडे बघत राहिली. परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं. वेळ मोजणाऱ्या बाईंचा हात घंटेवर होता, पण घड्याळात अजून दोन मिनिटं आणि काही सेकंद शिल्लक होते. वक्त्याचा वेळ संपल्याशिवाय घंटा द्यायची नाही आणि पुढच्याला बोलवायचं नाही, असा स्पर्धेचा नियम होता. त्यामुळे ती दोन मिनिटं सगळं सभागृह तसंच बसून राहिलं.